आईला घेऊन समुद्राकाठच्या हॉटेलात

गोव्याहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, पैसे वसूल झाले का? पतसंस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी विचारते, भावकीतल्या बायका विचारतात. धाकटा मामा तर विचारतही नाही, थेट सांगतो की तेवढ्यात आईला अंगठी झाली असती. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून बसले आहे. हॉटेलचं नाव देत नाही. दक्षिण गोव्यात एका बाजूला साळ नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी जी लांब पट्टी आहे, तिच्यावरचं ते एक मोठं हॉटेल.

पण आधी आईबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

आम्ही कडोलीचे. बेळगावच्या उत्तरेला, मार्कंडेय नदीच्या बाजूचं भाजीचं गाव. लग्न होऊन आली तेव्हापासून आईचं सगळं आयुष्य कोथिंबीर, मेथी, कोबी, ढबू मिरची आणि बटाट्यात गेलं. दुपारी काढणी, उन्हं उतरली की पेंढ्या बांधायच्या, मग टेम्पोची वाट बघायची. बेळगावच्या मार्केटातून गाड्या भरून निघतात आणि रात्रीत घाट उतरून पहाटेला म्हापसा, पणजी, मडगाव गाठतात. गोव्यात सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या स्टॉलवर सवलतीत जी भाजी मिळते, तीसुद्धा मोठ्या प्रमाणात बेळगावातूनच घेतलेली असते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सीमा बंद झाली तेव्हा इकडे आमचा कोबी शेतात कुजला आणि तिकडे लोक भाजीला महाग झाले. आईनं बांधलेल्या पेंढ्या अशा कितीतरी वर्षं समुद्राकाठी जात राहिल्या. आई मात्र एकदा गावच्या बायकांबरोबर मंगेशी-शांतादुर्गेला बसनं जाऊन आली होती, आणि समुद्र तिनं खिडकीतून लांबनं बघितला होता.

यंदा ती सत्तरीची झाली. गुडघे गेलेत. शेत भाऊ बघतो, तरी तिचा हात रिकामा नसतो. मी म्हटलं, तुला दोन घटका काही न करता बसवायचंय, आणि घरात ते होणार नाही. घरात बसवलं तर ती लसूण सोलायला घेते.

"कायला गे एवढा खर्च?" हे तिनं घर सोडेपर्यंत म्हटलं. आम्ही पावसाळा सरल्यावर शनिवार-रविवार जोडून गेलो. दक्षिण गोव्याला खरं तर अनमोडवरूनही जाता येतं, पण तिला भाजीच्या गाड्यांचा रस्ता बघायचा होता, म्हणून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असे गेलो. कणकुंबीला माऊलीच्या देवळात तिनं ओटी भरली. मलप्रभा इथं उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्याच्या डोंगरात जन्मणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन राज्यं या पाण्यासाठी इतकी वर्षं भांडताहेत, आणि आई कुंडातलं पाणी डोळ्यांना लावून शांतपणे गाडीत बसली. घाटात एका वळणावरून खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं. तिथं तिनं गाडी थांबवायला लावली आणि विचारलं, "ह्या वळणावर रात्री कशी उतरत असतील गं पोरं?" टेम्पोच्या ड्रायव्हरांबद्दल ती बोलत होती. तिला त्यातले कितीतरी जण नावानिशी ठाऊक आहेत.

हॉटेलात पोचल्यावरचा पहिला तास चांगला गेला नाही. खोली तयार नव्हती. काउंटरवरची मुलगी सगळं इंग्रजीत आणि फक्त माझ्याशी बोलत होती. आई बाजूला उभी आहे, तिला बसायला द्यावं, हे तिच्या लक्षात आलं नाही, मीच खुर्ची मागितली. सरबत मात्र आलं, आमसुलाचं, आणि ते खरोखर चांगलं होतं. आईनं पिशवी कुणाला उचलू दिली नाही. खोली उघडली तेव्हा ती दारातच थबकली, कारण पलंगाच्या पलीकडे पूर्ण भिंतभर काच होती आणि काचेत समुद्र होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज येत नाही की." खरंच येत नव्हता, एसीमुळे काच बंद होती. मी ती सरकवली.

न्हाणीघराबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण वय झालेल्या आईवडलांना नेणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. संगमरवरी फरशी, मोठा टब, नळावर शिक्का मारलेली कंपनीची नावं, सगळं होतं. धरायला एक दांडी नव्हती. गुडघे दुखणाऱ्या माणसानं ओल्या संगमरवरावर टबाची कड ओलांडायची कशी? एवढं भाडं घेणाऱ्यांना हे सुचू नये याचा मला राग आला आणि तो मी फोनवर बोलूनही दाखवला. थोड्याच वेळात एक पोरगा प्लास्टिकचं स्टूल, रबरी चटई आणि बादली-तांब्या घेऊन आला. बादली-तांब्या मी मागितला नव्हता. त्यानं आईकडे बघितलं आणि स्वतःहून आणला. "मावशी, तुम्ही कुठच्या?" त्यानं हळूच मराठीत विचारलं. कडोली म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. तो खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढच्या एका वाडीवरचा. तिकडं पावसात रस्ता तुटतो आणि जवळपास काम मिळत नाही, म्हणून वाडीतली निम्मी पोरं गोव्यातल्या हॉटेलांत आहेत असं तो म्हणाला. आईनं लगेच कुणाचा कोण, लग्न झालं का, आई-बाप कसे आहेत, सगळी चौकशी केली. पुढं आम्ही तिथं असेपर्यंत तो कामावर असला की एकदा तरी डोकावून जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर आईनं पलंग आवरून ठेवलेला. चादर ताठ, उशा रचलेल्या, पांघरुणाची घडी. तेवढ्यात खोली साफ करणारी बाई आली, गदगकडची. आईनं बाजारात शिकलेल्या कन्नडमध्ये "ऊटा आतेन री?" म्हणजे जेवण झालं का, अशी सुरुवात केली आणि दोघी जमल्याच. त्या बाईनं पलंगाकडे बघितलं आणि हात जोडले. म्हणाली, अव्वा, असं करू नका, सुपरवायझर कोपऱ्यांच्या घड्या तपासतो, मला सगळं उलगडून परत करावं लागेल. दिवसाला चौदा-पंधरा खोल्या असतात तिला.

आई खुर्चीत बसली. समोर दुसरी बाई तिच्यासाठी अंथरूण घालत होती आणि ती नुसती बघत होती. हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. लग्नकार्यात, बाळंतपणात, बाबांच्या आजारपणात, कधीच नाही. पहिल्यांदा तिचे हात मांडीवर ठरेनात, पदराचं टोक दुमडत राहिले. मग ती त्या बाईच्या कामात रमली. कोपरा कसा दुमडतात, चादर एका झटक्यात कशी पसरतात हे तिनं विचारून घेतलं, आणि शेवटी अगदी मनापासून म्हणाली, "लई बरं करतीस गे." ती बाई हसली. जाताना ती आईच्या पाया पडली आणि आईनं तिला कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा दिला, जो आम्ही स्वतःसाठी नेला होता.

त्यानंतर आई खरी विसावली. दुपारी जेवून झोपली ती दिवेलागणीलाच उठली. तिन्हीसांजेला अंथरुणावर असल्याची तिला आधी लाज वाटली. मग माझ्याकडे बघून तिनं परत उशीवर डोकं टेकलं. मामाला मी हेच सांगितलं. अंगठी तिनं दोन दिवस घातली असती आणि तिसऱ्या दिवशी भांगलायला जाताना काढून कपाटात ठेवली असती.

समुद्राचं सांगायचं तर तो खिडकीतून जितका जवळ दिसतो तितका जवळ नसतो. १९९१ च्या किनारा नियमांपासून अशा गावठाणाबाहेरच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत नवं पक्कं बांधकाम करता येत नाही. मला हा नियम फार चांगला वाटतो, कारण त्यामुळेच तिथले वाळूचे उंचवटे आणि त्यांवर पसरलेली मर्यादवेल अजून टिकून आहे. पण दुखऱ्या गुडघ्यांनी भुसभुशीत वाळूतून तेवढं अंतर चालणं ही मोठी गोष्ट आहे. हॉटेलची छोटी बॅटरीची गाडी बागेच्या टोकापर्यंतच सोडते. पुढं आई माझ्या खांद्यावर हात ठेवून, मधेमधे थांबत चालली.

पाण्यापर्यंत जायला ती तयार नव्हती. २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्या संध्याकाळी गावागावांत फोन वाजत होते, आपलं कोण गेलंय का सहलीला म्हणून. आईनं मला हाताला धरून सांगितलं, तू पण जायचं नाहीस. मग किनाऱ्यावरच्या जीवरक्षकानं तिला लाल-पिवळी निशाणं दाखवली, या दोन निशाणांच्या मधेच पाण्यात उतरायचं, आमचं लक्ष असतं, असं कोकणीत समजावलं. तिला सगळं कळलं. अखेर पावलं बुडतील इतक्याच पाण्यात ती उभी राहिली. लाट मागं सरताना पायाखालची वाळू ओढते तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला आणि मोठ्यानं हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेत, म्हणून ती तोंडावर हात ठेवूनच हसते. त्या वेळी हात माझ्या दंडावर होता.

पहाटे किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, वाळूवर ओढत होते. हॉटेलातले बरेच पाहुणे लांबून फोटो घेत होते. आई थेट तिथं गेली आणि जाळ्याजवळ बसलेल्या बायकांच्या शेजारी बसली. तारले एकीकडे, बांगडे एकीकडे, बारीकसारीक मासळी वेगळी, त्यांचे हात सरसर चालले होते. किती जणांत वाटा पडतो, आज कमी का आलं, भाव कोण ठरवतं, असे तिचे प्रश्न सुरू झाले. दलाल किती कापतो हा प्रश्न आला तेव्हा तिथं चांगलाच आवाज चढला, कारण तो दोन्हीकडचा जिव्हाळ्याचा विषय. एका म्हाताऱ्या कोळणीनं तिला मूठभर मासळी पानात बांधून देऊ केली. खोलीत चूल कुठली, म्हणून आईनं हळहळत परत केली. हॉटेलात ती ज्या कुणाशी मोकळेपणी बोलली, ते सगळे तिथं काम करणारे होते. पाहुण्यांपैकी कुणाशीही तिचं एक वाक्य झालं नाही.

आता हिशोब, कारण मी हिशोबाचंच काम करते. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि अशा हॉटेलातल्या जेवणालाही १८ टक्केच. बाहेरच्या साध्या खानावळीत ५ टक्के असतो. बुकिंग करताना दिसणारा आकडा बहुतेक वेळा कराशिवायचा असतो, तो नीट बघा. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा पैसे मी पुन्हा मोजणार नाही. आई पहिल्या संध्याकाळनंतर काचेकडे पाठ करून बागेकडच्या ओट्यावरच बसायची. सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला होता आणि तो उत्तम होता. गरम पोई, म्हणजे गोव्याचा गोल पाव, आणि लोणी आईला फार आवडलं. रात्रीचा बुफे मात्र महाग, आणि आमच्या कामाचा नव्हता. शनिवार होता, आई शनिवारी मासळी खात नाही, आणि तिथं तिसऱ्या, कोळंबी, खेकडे यांचीच रेलचेल. त्या खानापूरच्या पोरानं आत जाऊन सांगितलं तेव्हा मऊ भात, डाळीची आमटी आणि कोबीची भाजी आली, जी कुठल्याही यादीत नव्हती. आईनं घास घेतला, भाजी बोटांनी जरा दाबून बघितली आणि त्याला विचारलं, "कोबी कुठला रे?" तो म्हणाला, "बेळगावची गाडी येते की मावशी, रोज पहाटेला." तिनं पानातला कण न् कण संपवला.

स्पाचे दर बघून मी यादी मिटून ठेवली. पाण्याच्या बाटल्या खोलीत दोन फुकट असतात, त्यापुढच्या विकत. विचारून घ्या.

माझं म्हणणं असं की अशा हॉटेलात आपण विश्रांती विकत घ्यायला जातो, पण आयुष्यभर राबलेल्या बाईला ती भिंतींनी, टबानं किंवा पोहण्याच्या तलावानं मिळत नाही. कुणीतरी प्रेमानं बस म्हणावं लागतं. आईला ते म्हणणारी माणसं तिथं भेटली, ती खानापूरची, गदगची होती आणि कमी पगारात लांब राहून काम करत होती. निघताना त्यांच्या हातात थोडे पैसे ठेवले, आणि हॉटेलला लिहून पाठवलं की तुमची सेवा चांगली वाटली ती या दोघांमुळे, आणि न्हाणीघरात दांडी बसवा. उत्तर आलं, पण त्यात नुसते आभार होते, दांडीबद्दल काही नव्हतं.

पुढच्या वर्षी काकूला पण न्यायचं ठरलं आहे. तिनंही आईबरोबर तितक्याच पेंढ्या बांधल्यात. या वेळी तळमजल्यावरची खोली मागणार, समुद्र दिसला नाही तरी चालेल. धरायला दांडी आहे का ते आधी फोनवर विचारणार, आणि शनिवार टाळणार. आईनं आत्ताच विचारून ठेवलंय, कुंद्याचे दोन डबे घ्यायचे ना म्हणून.