कुणाच्या नावे टाकायचं?

३१ मार्चची गोष्ट. म्हापशात एका होलसेल डीलरकडे मी अकाउंट्स बघते, त्या दिवशी कॅश मोजली तर १४,६०० रुपये कमी. परत मोजली, तेवढेच कमी. मालक म्हणाले टेम्पोवरच्या पोराच्या नावे टाक, वसुली तोच आणतो ना, पगारातून कापू. मी टाकले. नॅरेशनमध्ये, म्हणजे एन्ट्रीखालच्या नोंदीत, लिहिलं, 'कॅश शॉर्ट, डिलिव्हरी बॉयकडून'.

इयर एंडला आमच्याकडे एक रिटायर झालेले अंकल मदतीला येतात, तरुणपणी थोडी वर्षं राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, होते. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन वाचली आणि विचारलं, "बाय, हे 'कडून' म्हणजे काय गो? त्याच्याकडून आले की त्याच्याकडून गेले?"

मला उत्तरच सुचेना. रोज पार्टीकडून चेक, पार्टीकडून कॅश असं पन्नासदा लिहिते, तिथे 'कडून' म्हणजे पैसे आले, आणि इथे त्याच तीन अक्षरांनी मी त्या पोराला चोर करून टाकलं होतं, चोर हा शब्द कुठेही न लिहिता.

मग अंकल बोलत बसले. बायबलमध्ये सेंट पॉलचं फिलेमोनला एक छोटं पत्र आहे, एकाच अध्यायाचं, त्याच्या ओनेसिम नावाच्या गुलामासाठी लिहिलेलं. त्यात पॉल मालकाला सांगतो की ह्याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, आणि हे मी माझ्या हाताने लिहितोय. तिथला ग्रीक शब्द अगदी हिशेबाच्या वहीतला आहे म्हणे. पॉलच्याच रोमकरांना लिहिलेल्या पत्रात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून 'गणला' असं आहे, तेही मोजदादीचंच क्रियापद. त्यावरून केवढे वाद झाले! लुथरच्या बाजूचे, म्हणजे प्रोटेस्टंट, म्हणायचे ख्रिस्ताचं नीतिमत्त्व माणसाच्या खात्यावर गणलं जातं, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितलं की नुसतं गणून भागत नाही, देवाच्या कृपेने माणूस आतून नवा व्हावा लागतो. मी हिंदू, यातलं काही वाचलेलं नाही, पण एवढं लगेच कळलं की पॉलने दुसऱ्याचं देणं स्वतःच्या नावावर ओढून घेतलं होतं आणि मी खापर फोडायला सगळ्यात गरीब डोकं शोधलं होतं. पोरगं तेव्हा खाली क्रेट उतरवत होतं, ते मला खिडकीतून दिसत होतं.

एन्ट्री डिलीट केली. सस्पेन्समध्ये, म्हणजे हिशेब लागेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, टाकली, नॅरेशन 'कॅश कमी आढळली', एवढंच. मालक चिडले, मी म्हटलं पुरावा द्या, मग त्याच्या नावे टाकते.

एप्रिलमध्ये डिझेलची आणि हमालीची व्हाउचर्स सापडली, दोन्ही माझ्याच ड्रॉवरमध्ये, बिलांच्या गठ्ठ्याखाली, एकूण ८,४०० ची. ते मालकांना जाऊन सांगितलं, माझ्याकडून राहिली म्हणून. उरलेले ६,२०० अजून सस्पेन्समध्येच आहेत, मालक दर महिन्याला विचारतात, आणि मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही.