नव्या गावातलं इटालियन, पहिली ऑर्डर

निवृत्तीनंतर गाव बदललं की दवाखाना आणि बँक आठवड्यात सापडते, मनासारखं इटालियन रेस्टॉरंट नाही. आजच्या जेवणानंतर पुन्हा तेच वाटलं.

पहिल्या भेटीत मेन्यूतलं सगळ्यात साधं मागवावं: स्पॅगेटी आल्यिओ ए ओलियो. लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची, बस. लपवायला जागाच नाही. लसूण करपला की सगळं कडू. ताटाच्या तळाशी तेल वेगळं साचलं असेल, तर पास्ता उकळलेलं पाणी त्यात नीट घोटलेलं नाही. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळेच तेल एकजीव होऊन पास्त्याला धरून राहतं. 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि साधारण 10 ग्रॅम मीठ लागतं. पाण्यातच मीठ कमी पडलं तर वरून कितीही भुरभुरा, पास्ता आतून अळणीच.

कार्बोनारा या पास्त्यात क्रीम दिसलं तर तो रोमचा प्रकार नव्हे. तिथे अंडं, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि मिरी. अंड्याच्या गुठळ्या होण्याची भीती वाटते, म्हणून क्रीमचा आधार घेतात. खरं तर पॅन आचेवरून उतरवून मग अंडं मिसळलं की झालं. (चवीला आवडलं तर खा की, कोण अडवतंय!)

रिसोत्तोला, म्हणजे इटालियन भाताला, 17-18 मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आला तर तांदूळ आधीच अर्धा शिजवून ठेवलेला. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात, त्यात गैर नाही. ताट हलवल्यावर भात संथ पसरला पाहिजे, ढिगासारखा उभा राहू नये.

आणि 'अल देंते' (दाताला किंचित कडक लागेल इतपतच शिजवलेला) सांगूनही पास्ता मऊच आला, तर पुढच्या वेळी पिझ्झा.