अनअर्थचा अर्थ

‘अनअर्थ’ हे इंग्रजी क्रियापद देवनागरीत लिहिताना पहिल्याच पावलाला ठेच लागते. मधला ‘अ’ घाईत गळला की उरतो अनर्थ. म्हणून आधी उच्चार नीट बसवावा. ‘अन्’ हलका सोडायचा, जोर पुढच्या ‘अऽर्थ’वर द्यायचा, तो ‘अ’ जरा लांबवायचा आणि शेवटचा ‘थ’ जीभ दातांना टेकवून फुंकरीसारखा बाहेर सोडायचा. मग शब्द आपोआप सुटा होतो: अर्थ म्हणजे माती आणि अन् म्हणजे तिच्यातून मोकळं करणं. शब्दकोश ‘खणून काढणे, उघडकीस आणणे’ एवढं सांगून पुढच्या शब्दाकडे वळतो. गडबड सुरू होते ती आपण वाक्य करायला बसल्यावर.

मराठी माणूस हमखास लिहितो: ‘द आयडल अनअर्थ्ड इन द फील्ड.’ म्हणजे मूर्तीनेच शेतात काहीतरी खणून काढलं! हवं होतं ‘वॉज अनअर्थ्ड’. ही चूक अडाणीपणाची नाही, तिचं मूळ आपल्या व्याकरणात आहे. मराठीत किल्ली सापडते, वाट गवसते, शिलालेख आढळतो, विहिरीला पाणी लागतं. कर्ता ती वस्तू, आणि तासभर धडपडलेला माणूस ‘मला’ होऊन कडेला उभा. ‘मला किल्ली सापडली’ या वाक्यात सगळी मेहेरबानी किल्लीची आहे. इंग्रजीत खणणारा कर्ता लागतो. तो माणूस असेल, कुत्रा असेल, कुदळ असेल, चौकशी समिती असेल. पण सापडलेली वस्तू कर्त्याच्या जागी बसवायची तर कर्मणी प्रयोग करावा लागतो.

बरं, आपल्याकडे सकर्मक क्रियापद नाही असंही नाही. ‘शोधणे’ आहेच की. पण ते फक्त खटपटीचं आहे. ‘मी किल्ली शोधली’ म्हटलं तर समोरचा विचारतो, ‘मग? मिळाली का?’ यश हवं असेल तर ‘काढणे’ची जोड द्यावी लागते: शोधून काढली, हुडकून काढली, माग काढला, उकरून काढलं. नाहीतर ‘लावणे’ची: पत्ता लावला, छडा लावला. पोलीस आधी शोध ‘घेतात’ आणि मग छडा ‘लावतात’, आणि या दोन क्रियापदांच्या मध्ये कधीकधी वर्षं जातात. ‘अनअर्थ’च्या पोटात हे ‘काढणे’ जन्मापासूनच आहे. त्यामुळे ‘दे अनअर्थ्ड द फाइल बट कुड नॉट फाइंड इट’ हे वाक्य होऊच शकत नाही. नुसतं शोधत होते असं म्हणायचं असेल तर साधं ‘सर्च’ वापरावं.

या कुळातली इंग्रजी क्रियापदं शेजारी शेजारी मांडली तर एक गंमत दिसते. अनकव्हर, डिस्कव्हर, रिव्हील, डिटेक्ट, सगळ्यांचा रोख वरच्या आवरणावर. अनकव्हर-डिस्कव्हरमध्ये झाकण, रिव्हीलमध्ये बुरखा, अनअर्थमध्ये माती. मराठीची ओढ मात्र वस्तू वर खेचण्याकडे. उकरणे, उपटणे, उघडणे, उत्खनन या सगळ्यांच्या माथ्यावर संस्कृतातला तोच ‘उत्’ बसलेला आहे. डिटेक्टमधला लॅटिन ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं. त्याचा संस्कृतातला भाऊबंद ‘स्थग्’, म्हणजे झाकणं, लपवणं. आपला ‘स्थगित’ तिथूनच आला, आणि ‘ठग’ही त्याच घरचा असावा असं व्युत्पत्तीचे जाणकार मानतात. म्हणजे डिटेक्टिव्ह आणि ठग मुळात चुलतभाऊ निघाले. एक छप्पर घालणारा, दुसरा ते उचकटणारा.

‘अनअर्थ’ला शिकारीचाही वास आहे. इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या बिळालाच ‘अर्थ’ म्हणतात. शिकारीच्या आदल्या रात्री एक माणूस फिरून ही बिळं बुजवत असे, म्हणजे रात्री बाहेर पडलेल्या कोल्ह्याला सकाळी घरात शिरता येत नसे. तरी एखादा शिरलाच, तर आत टेरियर सोडायचा. टेरियर हे नावच मातीवरून पडलेलं. फ्रेंचमध्ये ‘तेर’ म्हणजे जमीन. कुत्रा आत भुंकत राहतो, वरचे लोक त्या आवाजाचा अंदाज घेत फावडी चालवतात आणि कोल्ह्याला बाहेर काढतात. तेच ‘अनअर्थ’ करणं. हाउंड कुत्री घेऊन करायच्या या शिकारीवर इंग्लंड-वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने बंदी आली. क्रियापदावर आली नाही. गुप्तहेर, भानगड, जुना कट यांच्याशी ‘अनअर्थ’ इतकं छान जुळतं ते या कोल्ह्यामुळे असावं. तिथे लपलेला स्वतःहून लपलेला असतो आणि त्याला बाहेर यायचं नसतं.

अनअर्थ, डिस्कव्हर आणि एक्स्कव्हेट यांच्यात घोटाळा होत असेल तर दायमाबाद लक्षात ठेवावं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. 1958 साली पुरातत्त्वज्ञ बोपर्डीकरांनी ते स्थळ हेरलं, तिथे ‘डिस्कव्हर्ड’. टेकाड उघड्यावरच होतं, फक्त त्याचं महत्त्व कुणाला ठाऊक नव्हतं. मग तिथे तीन वेळा उत्खनन झालं, शेवटचं पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या हाताखाली 1975 ते 1979, ते ‘एक्स्कव्हेटेड’. दरम्यान 1974 साली एक शेतकरी झुडपाचं मूळ खणत असताना त्याच्या हाती चार ब्राँझ वस्तू लागल्या: बैलजोडीचा रथ आणि हाकणारा, हत्ती, गेंडा, रेडा; चारही मिळून वजन 60 किलोंच्या वर. हे अस्सल ‘अनअर्थ्ड’. शोधत होता मूळ, निघाला रथ.

आणि शब्दांमधला हा फरक किती महाग पडतो तेही इथेच कळतं. एक्स्कव्हेट करताना चौकोनी चर आखतात, दोन चरांमध्ये न खणलेली मातीची भिंत राखतात. त्या भिंतीच्या कापात मातीचे थर वाचता येतात, राख, चिखल, जमिनीची चोपण असे एकावर एक. थापी आणि ब्रशने माती उतरवायची, वस्तू दिसली की ती जागेवर असतानाच खोली मोजायची, फोटो काढायचा, थराचा क्रमांक पिशवीवर घालायचा. मग ती उचलायची. रथ उचलला गेला तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. शेतकऱ्याचा दोष नाही, तो झुडूप काढत होता. पण वस्तू कोणत्या थरातल्या हे हातचं गेलं. त्यात धातूत आर्सेनिकचं प्रमाण वेगळं भरलं. मग उत्तर हडप्पाकालीन की नंतरच्या, यावर पंडितांची जुंपली. वस्तू मातीतून सुटली की तिचा पत्ता मातीतच राहतो. म्हणून पुरातत्त्ववाले स्वतःच्या अहवालात ‘एक्स्कव्हेट’ लिहितात आणि वर्तमानपत्रं ‘अनअर्थ’ छापतात.

‘डिस्कव्हर’बद्दल एक कुरकुर नोंदवायलाच हवी. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागे अजिंठ्याला पोचला, दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव-तारीख खरवडून गेला आणि इंग्रजीत लेणी ‘डिस्कव्हर’ झाली. जवळच्या गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. तिथे ‘अनअर्थ’ मात्र कुणी लिहीत नाही, कारण लेणी मातीखाली नव्हती.

माती या शब्दाला कायदाही धरून आहे. 1878 सालच्या ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’प्रमाणे ‘ट्रेझर’ म्हणजे जमिनीत दडलेली कोणतीही किमती वस्तू. आपलं गुप्तधन. 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं तर काय निघालं, कुठे, कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! आजच्या भावाने फुटका चहाचा कपसुद्धा कायद्याच्या कक्षेत यायचा.

आता हा शब्द कुठे घालू नये. शेतातले बटाटे, हळद, भुईमूग ‘अनअर्थ’ होत नाहीत. ते ‘डिग अप’ किंवा ‘हार्व्हेस्ट’. आपणच लावलेलं, मोजून ठेवलेलं पीक. त्यात हरवणं-विसरणं नाही. कोर्टाच्या हुकमाने पुरलेलं प्रेत बाहेर काढणं म्हणजे ‘एक्झ्यूम’, तिथे ‘अनअर्थ’ लिहिलं तर कुणीतरी चोरून कबर खणल्यासारखं वाटतं. आणि गाडलेली मढी उकरणं, म्हणजे लग्नातल्या मानपानावरून चाळीस वर्षांनी पुन्हा तोंड सोडणं, याला इंग्रजीत ‘रेक अप’ म्हणतात. रेक म्हणजे दंताळं. जुन्या भांडणाला कुदळीची गरज नसते, ते वरवरच असतं, दंताळं फिरवलं की पुरे. ‘अनअर्थ’च्या कर्माला थोडी किंमत हवी.

लाक्षणिक अर्थाने हा शब्द सर्वात शोभतो तो कागदपत्रांना. राजवाडे गावोगावच्या वाड्यांमधून मोडीतली पत्रं जमवत हिंडले, त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड उभे राहिले; पहिला 1898 चा. ‘राजवाडे अनअर्थ्ड थाउजंड्स ऑफ लेटर्स’ हे वाक्य निर्दोष आहे, जरी ती पत्रं जमिनीत नसून रुमालात बांधून फडताळात आणि माळ्यावर पडलेली होती. म्हणजे माती खरी असलीच पाहिजे असं नाही, धूळ चालते. ट्रंकेच्या तळातून आजीची पैठणी निघाली, तिच्या घडीवर जर काळी पडलेली, मध्ये डांबराच्या गोळीचा विरून उरलेला ठिपका. तिथेही ‘अनअर्थ’ थट्टेने खुलतं. वरच्या खणात ठेवलेला चष्मा मात्र ‘अनअर्थ’ केला म्हणू नये. तो चष्मा नुसता ‘फाउंड’.

दोन सोयरे सांभाळायचे. ‘अनअर्थली’चा खणण्याशी काही संबंध नाही, ते या पृथ्वीतलावरचं नव्हे असं काहीतरी, अंगावर काटा आणणारं. ‘ॲन अनअर्थली अवर’ म्हणजे पहाटे तीनला कुणी दार वाजवावं, अशी भलतीच वेळ. दुसरा विजेच्या कामातला. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘अनअर्थ्ड सॉकेट’ म्हणजे जमिनीतून निघालेला सॉकेट नव्हे, अर्थिंग न दिलेला. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी: प्लग आत सरकताना तिने बाकी दोघींच्या आधी जोडलं जावं आणि निघताना शेवटी सुटावं. मागे तिला हिरवी वायर पोचलेली नसेल तर पिन कितीही लांब असो, गीझरमध्ये वीज गळत असली तर नळाला हात लावताच झिणझिण्या येतात. वायरमनला बोलवावं आणि तो येईपर्यंत नळाला हात लावू नये. ‘अनअर्थ्ड’ शब्दातली ही एकच जागा अशी, जिथे अनअर्थचा खरोखर अनर्थ होऊ शकतो.