लाट नेहमी डावीकडूनच का येते?

गेला आठवडाभर डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून लिहून काढते.

मी माणसांच्या वागण्याचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करते. स्क्रीनवर शेकडो माणसं, प्रत्येकाला एक-दोन साधे नियम, आणि मग सगळी मिळून काय करतात ते बघायचं. बाहेरच्यांना वाटतं आमचा दिवस कोड लिहिण्यात जातो, तसं नाहीये. बहुतेक वेळ तेच मॉडेल शेकडो वेळा वेगवेगळ्या सीडने (सीड म्हणजे मॉडेलमधले रँडम आकडे कुठून सुरू होणार ते ठरवणारा नंबर) चालवण्यात आणि आकडे असे का आले हे शोधण्यात जातो.

यावेळचं काम असं की ४०० खुर्च्यांचा हॉल, अलार्म वाजतो, तर लोक जागेवरून उठायला किती वेळ घेतात. अलार्म वाजला की माणूस पळत सुटतो हा समज चुकीचा आहे, माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो. लॅटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा प्रयोग आहे, खोलीत धूर सोडला तेव्हा एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं, पण शेजारी दोन माणसं मुद्दाम ढिम्म बसवून ठेवली तेव्हा फक्त १० टक्क्यांनी. म्हणून आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येकाला एक थ्रेशोल्ड दिलाय, आजूबाजूच्या आठांपैकी इतके उठले की मी उठणार. मूळ कल्पना समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांची, १९७८ ची, आणि मला ती आजही फार सुंदर वाटते. त्यांचं उदाहरण दंग्याचं: शंभर माणसं, किती जण सामील झाले की मी होणार याचे थ्रेशोल्ड ० पासून ९९ पर्यंत, पहिला स्वतःहून दंगा सुरू करतो, त्याला बघून दुसरा, करत करत शंभरच्या शंभर सामील. आता फक्त १ थ्रेशोल्डवाल्याचा २ करा, दंगा एका माणसावर थांबतो. माणसं जवळपास तीच आणि निकाल पार उलटा!

तर आमच्या मॉडेलमध्ये उठणाऱ्या माणसांची एक देखणी लाट दिसायची, पुढच्या डाव्या कोपऱ्यातून निघून मागे उजवीकडे जाणारी. सरांना ती इतकी आवडली की त्यांनी व्हिडिओ करून क्लायंटला पाठवूनही दिला. आमच्या क्षेत्राचं हे दुखणंच आहे, हलणारं चित्र दिसलं की लोक प्रश्न विचारायचं थांबतात.

प्रश्न विचारला तो नुकत्याच लागलेल्या ज्युनिअर मुलीने. सात-आठ रन शांतपणे बघितले आणि म्हणाली, "ताई, ही लाट नेहमी डावीकडूनच का येते? आपण दर वेळी सीड बदलतोय ना?"

मला धस्स झालं. लगेच कोड उघडला. खुर्ची नंबर १ पुढच्या डाव्या कोपऱ्यात, नंबर ४०० मागच्या उजव्या, आणि लूप, म्हणजे एकेकाला पाळीपाळीने तपासणारा कोड, दर टिकला (टिक म्हणजे मॉडेलमधलं वेळेचं एक पाऊल) १ पासून ४०० पर्यंत त्याच क्रमाने फिरतोय. म्हणजे ५७ नंबरचा उठला की त्याच टिकमध्ये ५८ ला तो उठलेला दिसतो, तो उठतो, मग ५९, अख्खी रांग एका टिकमध्ये. पण ५६ ला हे कळायला पुढच्या टिकपर्यंत थांबावं लागतं. लूप उलटा फिरवला तर लाट उजवीकडून आली. क्रम दर टिकला पिसला तर लाट गायब, इथे तिथे पुंजके उठायला लागले.

मग तोच सीड तिन्ही प्रकारे चालवला. ठरलेल्या क्रमाने ९ टिक, पिसलेल्या क्रमाने १५, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी बघून ठरवायचं असेल तर २४. आमचा एक टिक २ सेकंदांचा, म्हणजे १८ सेकंद की ४८ सेकंद हे लूप कसा लिहिलाय त्यावर ठरतंय! आणि शेवटी उठलेली माणसं तिन्हीत ३७१. इतके महिने चूक का सापडली नाही ते इथे कळलं. उठलेला माणूस परत बसत नाही असा नियम असला की क्रम काहीही ठेवा, शेवटचा आकडा तोच येतो, आणि आमची प्रत्येक टेस्ट तोच शेवटचा आकडा तपासत होती. विचारलं होतं वेळेचं, तपासत होतो माणसं.

हा धोका नवीन नाही. १९९२ मध्ये नोवाक आणि मे या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात दाखवलं की प्रत्येक चौकटीत एक खेळाडू असलेल्या पटावर फसवणाऱ्यांच्या शेजारीही सहकार्य करणारे टिकून राहतात, आणि पुढच्याच वर्षी ह्युबरमन आणि ग्लान्स यांनी दाखवलं की सगळ्यांना एकदम न बदलता एकेकाला बदललं तर तिथलं सहकार्य संपून जातं. हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवते, त्यामुळे जास्त लागलं.

सर म्हणाले, "पिसलेला क्रम घ्या आणि ३० सेकंद लिहून टाका." मी नाही म्हटलं. पिसलेला क्रम तरी खरा कशावरून? खऱ्या हॉलमध्ये मागच्याला सगळ्यांची डोकी दिसतात, पुढच्याला कोणीच दिसत नाही, आणि प्रत्येकाची मान आपापल्या वेळेला वळते. बरीच वादावादी झाली, शेवटी क्लायंटला चूक कळवली आणि त्यांच्याकडून एका ड्रिलचं, म्हणजे अलार्म वाजवून केलेल्या सरावाचं, रेकॉर्डिंग मागून घेतलं.

काल मी आणि ती मुलगी ते फ्रेम फ्रेम करत बघत होतो, कोण कधी मान वळवतं ते मोजत. तिसऱ्या रांगेतला एक माणूस अलार्म वाजल्यावर लगेच उठला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कोणीच हललेलं नव्हतं. शर्ट खाली ओढला आणि परत बसला. तिने तिथेच व्हिडिओ थांबवला आणि माझ्याकडे बघितलं, कारण आमच्या मॉडेलमध्ये उठलेला माणूस बसतच नाही, आणि तो बसत असेल तर क्रमाप्रमाणे ते ३७१ सुद्धा बदलू शकतात.