बाटलीतला बुडबुडा

एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या मुलांना शनिवारी दुपारी शिकवायचं मी अंगावर घेतलं. घेतलं कसलं, सरांनी ‘कोण कोण तयार आहे?’ विचारलं आणि शेजारणीनं माझा हात वर केला.

मुलं सहा. चौघं मराठी माध्यमातून एसएसएलसी झालेली, दोघं कन्नड. बेळगाव-खानापूरकडं दोन्ही माध्यमांचं दुखणं सारखंच. दहावीपर्यंत विज्ञान घरच्या भाषेत, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं इंग्रजी. पीयूसी घोकून निघते. प्रॅक्टिकलला ‘असं का झालं?’ विचारलं की तोंडाला कुलूप.

पहिले दोन शनिवार वायाच गेले. मी फळा भरायचे, ‘समजलं?’ म्हणायचे, सगळे माना डोलवायचे. त्या माना मी ओळखत होते, चार वर्षं मीही तशीच डोलवली होती. तिसऱ्या शनिवारी खडू ठेवला आणि आयोडीनचं टायट्रेशन, म्हणजे रंग जाईपर्यंत थेंबथेंब द्रावण घालून मोजणं, मराठीत सांगायला बसले. आयोडीनबरोबर निळा होणारा स्टार्च शेवटी का घालायचा? इंग्रजीत मला याच्या चार ओळी येत होत्या. मराठीत सांगायला गेले आणि लक्षात आलं, त्या नुसत्या पाठ होत्या. घरी जाऊन पुस्तक परत उघडलं. आयोडीन भरपूर असताना स्टार्च पडला तर तो त्याला धरून बसतो, लवकर सोडत नाही, आणि एंड पॉइंट, म्हणजे रंग जाण्याचा क्षण, पुढं सरकतो. म्हणून द्रावण फिकट पिवळं होईपर्यंत थांबायचं. पुढच्या शनिवारी हे मी मराठीत सांगितलं, आणि बैलहोंगलच्या मुलानं लगेच कन्नडमध्ये आपल्या जोडीदाराला.

याच टायट्रेशनवरून नदीचं काम निघालं. मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात गणपती विसर्जनाच्या दिवशी आमची मुलं निर्माल्य गोळा करणार होती. मी म्हटलं, आधी आणि नंतर पाण्यातला ऑक्सिजनही मोजूया. निर्माल्य कुजताना जीवाणू तो वापरतात, तेव्हा फरक पडला तर आकड्यात दिसेल. पंचायतीला अर्ज कन्नडमध्ये हवा होता, तो बैलहोंगलकरानं लिहिला. माझ्या कन्नडवर तो अर्ज बहुतेक परत आला असता.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत तशी सोपी. काचेच्या बुचाची बाटली काठोकाठ भरायची, नदीवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावून उलटीपालटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो, नसेल तर पांढराच राहतो. मग ॲसिड घातलं की ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं, आणि ते लॅबमध्ये थायोसल्फेटनं टायट्रेट करायचं. 0.025 नॉर्मल थायो आणि 200 मिली नमुना घेतला तर गणितही लागत नाही, जितके मिली थायो तितके लिटरमागे मिलिग्रॅम.

विसर्जनाआधीचा आकडा आला 9.4. मी खूष. वहीत लिहून खाली रेघही मारली.

खानापूरकडची एक मुलगी आमच्यात होती. महिनाभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिनं पुस्तकाच्या मागचा तक्ता काढला आणि हळूच म्हणाली, “अक्का, पंचवीस डिग्रीला पाणी 8.3 लाच संपृक्त होतंय की. मग वरचा ऑक्सिजन कुठं मावला?”

संपृक्त. दहावीच्या पुस्तकातला शब्द. ‘सॅच्युरेटेड’वर मी तिला दोनदा शिकवलं होतं आणि दोन्ही वेळा ती मान डोलवून गप्प बसली होती.

वर आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, म्हणजे इथं त्याहूनही कमीच मावणार. शेवाळं माजलं तर उन्हात आकडा वर जातो, पण पावसाळी गढूळ पाण्यात कुठलं शेवाळं? चूक शोधली तर ती माझीच निघाली. घाईत मी बादलीनं पाणी काढून बाटलीत ओतलं होतं, आणि बुचाखाली हवेचा बुडबुडा राहिला होता. त्यातला ऑक्सिजनही मँगनीजनं धरला. तीन बाटल्या ओतून टाकल्या. परत नदीवर जायचं म्हणजे बसचे पैसे आणि चिखल, दोन्ही आलं.

दुसऱ्यांदा बाटली तिच्याच हातात दिली. पाण्याखाली आडवी धरून तिनं ती सावकाश भरू दिली, बाहेर काढायच्या आधी काचेवर नखानं टकटक केली, एक बारका बुडबुडा वर आला तो जाऊ दिला, आणि मगच बूच बसवलं. आकडा 6.9.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी घाटापाशी 5.2 आला, वरच्या बाजूला 6.8. एका वर्षाच्या दोन-चार बाटल्यांवरून नदी बिघडली असं म्हणता येत नाही, आणि अहवालात आम्ही तसं म्हटलंही नाही. पण घाटापाशी कमी भरतोय एवढं दिसलं. अहवाल कन्नडमध्येच गेला. तो वाचून पंचायतीतले एक काका मराठीत म्हणाले, “आकडं राहूदेत. निर्माल्याचं कुंड पुलाच्या अलीकडं ठेवायचं की पलीकडं, तेवढं सांगा.”

मी तोंड उघडायच्या आत ती खानापूरची बोलायला लागली.