एकोणीस दिवस वजा करा

आयव्हीएफवाल्या (टेस्ट ट्यूब बेबीवाल्या) बायकांना एक गोष्ट बाकीच्यांपेक्षा पक्की माहीत असते, ती म्हणजे तारीख. एग पिकअप (बीजं काढणं) कधी, फर्टिलायझेशन कधी, ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) कधी, सगळं लॅबच्या कागदावर असतं. तरीपण माझ्या पोराच्या डिस्चार्ज कार्डावर त्याचं पोटातलं वय, म्हणजे जन्मला तेव्हा किती आठवड्यांचा होता ते, पाच दिवस जास्त लिहिलंय आणि ते आजही तसंच आहे.

झालं असं की माझं फ्रोझन ट्रान्सफर होतं, म्हणजे आधी गोठवून ठेवलेला गर्भ आत सोडायचा. पाळी आली 1 मार्चला, मग एस्ट्रोजेनच्या गोळ्या, पण गर्भाशयाचं अस्तर काही जाड होईना, म्हणून गोळ्या वाढवल्या, प्रोजेस्टेरॉन (ट्रान्सफरआधीचं दुसरं हार्मोन) उशिरा सुरू झालं आणि पाच दिवसांचा गर्भ (ब्लास्टोसिस्ट) आत गेला 25 मार्चला. आता हिशोब सरळ आहे, पाच दिवसांचा गर्भ असेल तर ट्रान्सफरच्या तारखेतून 19 दिवस वजा करायचे (पाच गर्भाचे आणि 14 ते फुकटचे, जे पाळीपासून मोजायच्या पद्धतीमुळे सगळ्यांनाच मिळतात), तीन दिवसांचा असेल तर 17. म्हणजे माझी "कागदोपत्री पाळी" 6 मार्च, ड्यू डेट 11 डिसेंबर. गर्भ किती महिने फ्रीजरमध्ये होता ते धरत नाहीत, एका नातेवाईक बाईंनी मला खरंच विचारलं होतं की मग ते दिवस पण मोजायचे का 😄

पण नाव नोंदवताना काउंटरवर विचारलं "लास्ट पीरियड?" आणि मी भाबडेपणाने खरं ते सांगितलं. 1 मार्च. कॉम्प्युटरने 280 दिवस धरून ड्यू डेट काढली 6 डिसेंबर.

मग बाराव्या आठवड्याचा स्कॅन. सीआरएल, म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली आणि सोनोग्राफीवाले म्हणाले बाळ पाच दिवस मागे आहे, पण ठीक आहे, चालतं. चालतं कारण पहिल्या तिमाहीत नऊ आठवड्यांनंतर सात दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तरच तारीख बदलायची असा नियम आहे, या मापाची चूकच पाच-सात दिवसांची असू शकते म्हणून. नियम योग्यच आहे हो, पण तो ज्यांना ओव्ह्युलेशनचा (बीज सुटण्याचा) दिवस माहीत नाही त्यांच्यासाठी. माझी पाच दिवसांची चूक त्या चाळणीतून अलगद खाली पडली आणि मी मात्र दोन रात्री "मागे आहे" या शब्दावर रडत बसले. बाळ मागे नव्हतंच!

उलटही होऊ शकतं आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं. ट्रान्सफरची तारीख बरोबर आहे, बाळ खरंच लहान आहे, आणि कोणीतरी स्कॅनवरून तारीखच पुढे ढकलली तर ते लहानपण दिसणारच नाही, सगळं कसं नॉर्मल. म्हणूनच अमेरिकेतल्या एकॉगसारख्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्था सांगतात की आयव्हीएफमध्ये गर्भाचं वय आणि ट्रान्सफरची तारीख यावरूनच वय धरा.

पोरगा आला 18 नोव्हेंबरला. एक मार्चपासून मोजलं तर 37 आठवडे 3 दिवस, म्हणजे टर्म, पूर्ण दिवसांचा. सहा मार्चपासून मोजलं तर 36 आठवडे 5 दिवस, म्हणजे लेट प्रीटर्म, 37 आठवड्यांच्या थोडं आधी आलेला. पाच दिवसांनी काय फरक पडतो म्हणाल, तर तो सारखा झोपायचा, दूध ओढायला दमायचा, कावीळ पण झाली, आणि मी सगळ्यांकडून ऐकत होते की टर्म बाळ आहे, तुम्हीच नीट घेत नाही आहात. एवढ्या लवकर आलेल्या बाळांचं हे नेहमीचं असतं हे मला नंतर मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेही मी ट्रान्सफरचा कागद दाखवल्यावर.

आणि आयव्हीएफची मुलं लवकर जन्मतात का, किती, हे जे आकडे काढतात त्यात अशा कार्डांवरच्या तारखा जात असतील तर 37 आठवड्यांच्या रेषेवरची किती पोरं चुकीच्या बाजूला पडत असतील, हा विचार डोक्यातून जात नाही. त्यात नैसर्गिक गरोदरपणात तारीख पाळीवरून किंवा स्कॅनवरून आणि आयव्हीएफमध्ये ट्रान्सफरवरून, मग तुलना करताना मोजपट्टीच दोन झाल्या ना.

बरं, वय अचूक कळलं म्हणून बाळ कधी येणार ते कळतं असंही नाही. 2013 च्या एका अभ्यासात ओव्ह्युलेशनचा दिवस हार्मोनवरून ठरवून मोजलं होतं, अकाली जन्मलेली बाळं वगळली, तरी गरोदरपणाच्या लांबीत 37 दिवसांपर्यंत फरक निघाला.

नंतर मी कार्ड दुरुस्त करायला गेले. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या सिस्टीममध्ये फक्त पाळीची तारीख घेता येते. म्हटलं मग 6 मार्च टाका. त्यांनी विचारलं, "तेव्हा पाळी आली होती का तुम्हाला?" म्हटलं नाही, तेव्हा गोळ्या चालू होत्या.

"मग कशी टाकू मॅडम," म्हणाल्या, आणि कार्ड परत दिलं.