पॉझिटिव्ह राहा म्हणजे दिवसभर नक्की काय करू

बुधवार, रात्री

आज परत एकदा ऐकलं, "तू खेळाडू आहेस गं, तू यातून निघशील, फक्त पॉझिटिव्ह राहा." सांगणारे मनापासून सांगतात आणि मला बरंही वाटतं. पण हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झालेल्या, 800 मीटर धावणाऱ्या, सेकंड इयरच्या मुलीने पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करायचं हे कोणीच सांगत नाही, म्हणून मला जे थोडंफार सापडलंय ते आज लिहून ठेवतेय, झोप येतच नाहीये तशीही.

माझी ट्रीटमेंट एबीव्हीडी. चार औषधांची पहिली अक्षरं आहेत ती, अ‍ॅड्रियामायसिन, ब्लिओमायसिन, व्हिनब्लास्टिन आणि डकार्बाझिन. 28 दिवसांची एक सायकल आणि त्यात पहिल्या आणि पंधराव्या दिवशी औषधं. अ‍ॅड्रियामायसिन लालभडक असतं, नंतर लघवीसुद्धा लाल होते, सिस्टरनी आधीच सांगितलं होतं म्हणून दचकले नाही. पण साइड इफेक्ट्सचा कागद वाचला तेव्हा पोटात गोळा आला होता. एक औषध हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून आधी टूडी इको, दुसरं फुफ्फुसांना म्हणून श्वासाची टेस्ट, तिसऱ्याने हातापायाच्या नसा बधिर होऊ शकतात. हृदय, फुफ्फुसं, पाय. 800 ला आणखी लागतं काय! त्या रात्री मला कॅन्सरपेक्षा त्या कागदाची जास्त भीती वाटली होती, हे मी अजून आईलाही सांगितलेलं नाही.

आणि इथेच मला खेळाडू असण्याची एक सवय उलटी फिरवावी लागली. ट्रॅकवर आम्हाला शाळेपासून शिकवलंय की 600 मीटर झाले की पाय दगड होतात, छाती जळते, तेव्हा त्या दुखण्याकडे बघायचं नाही, फिनिश लाइनकडे बघायचं. दुखतंय हे सांगायचं नसतं. केमोमध्ये नेमकं उलटं आहे, इथे प्रत्येक गोष्ट सांगायची असते. कोरडा खोकला, जिना चढताना लागलेली धाप, बोटांना मुंग्या, तोंडातला छाले पडलेला कोपरा, सगळं. ब्लिओमायसिन चालू असताना खोकला आणि धाप लपवणं म्हणजे आपल्याच फुफ्फुसांशी खेळणं. आणि ताप 38 सेल्सिअस, म्हणजे 100.4 झाला की सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधं इन्फेक्शन काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतं. मागच्या आठवड्यात खोकला आला, मी लगेच फोन केला, त्यांनी बोलावून छाती तपासली, ऑक्सिजन बघितलं, एक्सरे काढला, काही निघालं नाही. घरी येताना मी खूश होते. सहन केलं म्हणून नाही, सांगितलं म्हणून. ही माझ्यासाठी नवीन प्रकारची हिंमत आहे.

वॉर्डात एक ताई होत्या, माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. सगळ्यांना हसवायच्या, सलाईन लागलं की शेजारच्या बेडवरच्या आजींना गाणी लावून द्यायच्या. त्या गेल्या. त्यांच्याइतकं पॉझिटिव्ह मी कोणाला बघितलं नव्हतं. म्हणून आता कोणी म्हणालं ना की जिद्द असली की कॅन्सर हरतो, तर मला आतून ते पटत नाही, मग त्या ताईंकडे काय कमी होतं? डच स्विमर मार्टेन फान डर वायडन याला 2001 मध्ये ल्युकेमिया झाला होता आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने 10 किलोमीटर ओपन वॉटरचं गोल्ड मिळवलं. तोच सांगतो की पॉझिटिव्ह विचारांनी मी बरा झालो असं म्हणणं धोकादायक आहे, कारण मग जे वाचले नाहीत ते नीट लढले नाहीत असा अर्थ निघतो. त्याने स्वतःला डॉक्टरांच्या हाती सोपवलं. हे वाचून मला इतकं हलकं वाटलं! म्हणजे बरं करायचं काम औषधांचं, आणि ते चालू असताना दिवस कसा घालवायचा तेवढंच माझं.

दिवस घालवायला मला वर्कआउट लागतो. जेम्स कॉनरचं पण खूप वाचलंय, अमेरिकेत पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा, 2015 च्या शेवटी त्याला माझाच आजार निघाला, केमो चालू असताना मास्क लावून टीमबरोबर प्रॅक्टिस करायचा, 2016 च्या मे मध्ये क्लिअर झाला आणि सप्टेंबरमध्ये परत मैदानात. पण त्याचं शरीर त्याचं, माझं माझं, मी त्याच्याशी रेस लावत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिलीय ती आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम वेगाने चालायची आणि दोनदा हलका स्ट्रेंग्थचा व्यायाम, ज्या हातात पिक लाइन (औषधं द्यायला शिरेत ठेवलेली बारीक नळी) आहे त्या हाताने जड काही उचलायचं नाही. कॅन्सर पेशंटसाठीच्या व्यायामाच्या गाइडलाइन्सपण साधारण हेच सांगतात, थकवा कमी होतो याने. खरंच होतो. दिवसभर लोळले की संध्याकाळी जास्त गळून जाते. मी बाहेरच्या लेनमधून चालते, घड्याळ न लावता, आणि ट्रेनिंग डायरीत वेळेच्या जागी त्या दिवशी कसं वाटलं ते लिहिते.

केमोनंतरचे ते दोन-तीन दिवस मात्र वेगळे. उलटीवरच्या औषधांबरोबर दिलेलं स्टेरॉइड बंद झालं की माझं मन एकदम खाली जातं, रडू येतं, सगळं संपलंय असं वाटतं. आता मला माहितीये की हे येणार, म्हणून त्या दिवसांत मी कसलाही निर्णय घेत नाही, कॉलेजचा ग्रुप बघत नाही, आई शेजारी बसते आणि मी रडते. रडणं म्हणजे निगेटिव्ह होणं असं मी मानत नाही. हार्ड वीकनंतर इझी वीक असतोच की आमच्या शेड्यूलमध्ये.

आणि सर, माझे कोच. त्यांनी कधीच पॉझिटिव्ह राहा म्हटलं नाही. केस गेल्यावर पहिल्यांदा ग्राउंडवर गेले तर म्हणाले, "ये, रिलेच्या पोरींचे स्प्लिट्स लिहायला माणूस नाहीये." स्प्लिट्स म्हणजे प्रत्येकीच्या टप्प्याची वेळ. तेव्हापासून ते काम माझं. रक्तातल्या पेशींचे काउंट बरे असले तर मास्क लावून लांब बसते, नसले तर एकजण फोनवर सांगते आणि मी घरून लिहिते. हे मला कुठल्याही धीराच्या शब्दांपेक्षा जास्त पुरलंय.

पुढच्या आठवड्यात पेट स्कॅन आहे, दोन सायकल झाल्या की करतात तो. कॅन्सर औषधांना किती दाद देतोय यावर 1 ते 5 स्कोअर देतात, 3 किंवा खाली आला तर चांगलं. मग पुढच्या सायकलमधून ब्लिओमायसिन काढता येतं, 2016 मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की तसं केलं तरी रिझल्ट जवळपास तेवढाच राहतो आणि फुफ्फुसांचा त्रास कमी होतो. मला ते हवंय, खूप हवंय. पण माझ्या हव्यासाने स्कॅन बदलणार नाही हेही माहितीये. 4 आला तर औषधं बदलतील, ते कसं असेल ते मी डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवलंय, प्रश्न वहीत लिहून नेले होते, त्यांनी खुर्ची ओढून बसून सगळी उत्तरं दिली.

उद्या सकाळी ब्लड टेस्ट. संध्याकाळी पोरींचे 200 चे रिपीट्स आहेत, आणि आमची तिसऱ्या लेगवाली बॅटन घेताना अजून मागे वळून बघते, ते तिला सांगायचंय.